उद्योगवर्षासह

संघपालनं बटण दाबलं त्या क्षणी तुळसाबाईचा अंगठा यंत्रावर तिसऱ्यांदाही उमटला नव्हता. म्हातारी काउंटरच्या पलीकडे उभी होती. अंगठा पदराला पुसायची, यंत्रावर ठेवायची, आणि लाल दिवा लागला की संघपालकडे बघायची. सगळा जन्म निंदण-खुरपणात गेलेल्या त्या हाताला रेषा अशा राहिल्याच नव्हत्या, आणि पेन्शनसाठी ती जिवंत असल्याचा पुरावा सरकारला नेमका त्या रेषांतूनच हवा होता. "मी जित्ती आहो ना बापू तुह्यासमोर, तरी याले पटत नाई," ती म्हणाली. एरवी संघपाल हसला असता, ओल्या फडक्यानं तिचं बोट पुसून दिलं असतं. पण त्याची नजर दुसऱ्या पडद्यावर होती. तिथं पौर्णिमाचा, त्याच्या धाकट्या बहिणीचा, प्रवेशअर्ज उघडा होता. अर्ज तिनंच भरला होता. कॉलेजात दाखला आणायला जाताना सांगून गेली होती की एकदा नजर टाक आणि पाठवून दे. तो वाचत वाचत खाली आला. पौर्णिमा देवमन पडघान. आईचं नाव विमल. बारावीचे गुण. अमरावतीचं कॉलेज. मग एक चौकट, जिच्यावर टिचकी मारली की खाली दोन ओळी उघडायच्या. पहिली : बी.एस्सी. संगणकशास्त्र, तीन वर्षे. दुसरी : बी.एस्सी. संगणकशास्त्र, उद्योगवर्षासह, चार वर्षे. पौर्णिमानं दुसरी निवडलेली होती. संघपालचा हात माऊसवर होता. तो हात वरच्या ओळीवर गेला, टिचकी वाजली, आणि मग त्यानं खालचं हिरवं बटण दाबलं. अर्ज निश्चित झाला, असं पडद्यावर आलं. तुळसाबाई अजून अंगठा पुसतच होती.

वाशिमच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत संघपालचं हे ऑनलाइन फॉर्मचं केंद्र होतं, आणि तीन वर्षांत त्यानं हजारो अर्ज भरले होते. पीकविमा, शिष्यवृत्ती, पोलीसभरती, आधारची दुरुस्ती. लोक त्याला सर म्हणत. कुणी जन्मतारीख चुकीची सांगतोय हे दिसत असलं तरी तो स्वतःहून एक आकडा बदलत नसे. थांबायचा, विचारायचा, मग टाकायचा. लांबलांबून माणसं त्याच्याकडे येत ती याच एका गोष्टीसाठी. आणि आज त्यानं न विचारता एक वर्ष खोडून टाकलं होतं. खोडलं म्हणावं तर त्यानं ठरवलंही नव्हतं. रस्त्यात समोर काही आलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तसा हात गेला होता. छपाईयंत्रातून पावती बाहेर आली. शेवटून तिसऱ्या ओळीत कालावधी लिहिलेला होता, बारीक अक्षरात, आणि तळाला सूचना होती : उमेदवारास अर्जात एकदाच बदल करता येईल, उद्या सायंकाळी पाचपर्यंत, नोंदवलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने. नोंदवलेला मोबाइल बाबांचा होता. संघपालनं पावतीची घडी घातली, पाकिटात सरकवली, पाकिटाचं तोंड गोंदानं चिकटवून टाकलं. पाकीट चिकटवायची त्याला सवय नव्हती. पौर्णिमा परत आली, उन्हानं लाल झालेली, हातात दाखला. झालं का, तिनं विचारलं. झालं, तो म्हणाला, आणि पाकीट तिच्या पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवलं. मग त्यानं फडकं ओलं केलं, तुळसाबाईचा अंगठा धरून हळूहळू पुसला, आणि पुसताना त्याच्या लक्षात आलं की आपलीच बोटं गार पडली आहेत.

तसा गारठा त्याला पुण्यातच लागला होता. सातव्या मजल्यावरच्या त्या काचेच्या दालनात त्याची खुर्ची वातानुकूलनाच्या झडपेखाली होती, आणि बाहेर एप्रिल तापलेला असताना तो स्वेटर घालून बसायचा. पदवीचं तिसरं वर्ष संपलं होतं आणि चौथ्या वर्षी कॉलेज पोरांना कंपन्यांत पाठवत होतं. त्यांच्या तुकडीतले बाराजण या कंपनीत आले होते. पहिल्या दिवशी गोल करून सगळ्यांनी नावं सांगितली. तिथं कुणी कुणाला साहेब म्हणत नव्हतं. प्रमुखाचं नाव अनिकेत, तिशीतला, पांढरे बूट, हसरा. त्यालाही सगळे अनिकेतच म्हणायचे. संघपालची पाळी आली तेव्हा अनिकेतनं विचारलं होतं, "संघपाल म्हणजे काय रे?" बुद्धाच्या संघाचं पालन करणारा, असं त्यानं सांगितलं. अनिकेत क्षणभर थांबला. "अरे वा. छान," तो म्हणाला, आणि पुढच्या मुलाकडे वळला. बस, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीकडे संघपाल नंतर अकरा महिने आणि त्यानंतरची तीन वर्षं परत परत गेला होता. दाणा किडका आहे की नाही हे बघायला माणूस तो बोटांत फिरवून फिरवून बघतो, तसं ते 'अरे वा' त्यानं फिरवलं होतं. आवाज कसा होता? भुवई हलली होती का? थांबला तो श्वास घ्यायला थांबला, की कशाला? दर वेळी वेगळं उत्तर यायचं. बाकी अकराजणांना दोन आठवड्यांच्या आत कंपनीचं लॉगिन मिळालं, कुणाला तीन दिवसांत, कुणाला दहा. संघपालचं येतंय, असं अनिकेतनं सांगितलं. तोवर पाहुण्यांसाठीचं जे लॉगिन असतं ते वापर. त्या लॉगिनवर नोटपॅड उघडायचं आणि कॅल्क्युलेटर. तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, पाचव्यात विचारलं, मग लेखी कळवलं. 'बघतो' असं उत्तर आलं, सोबत एक हसरा चेहरा. कुणी त्याला वाईट बोललं नाही. कुणी त्याच्या डब्याला नाक मुरडलं नाही; वाढदिवसाच्या केकचा तुकडा त्याच्या टेबलावर आठवणीनं यायचा. फक्त बैठकीची वेळ झाली की सगळे उठायचे आणि त्याला उठायचं कारण नसायचं. कुणी मागून गेलं तर आपण रिकामे दिसू नये म्हणून तो नोटपॅडमध्ये टाइप करत राही. काय टाइप करणार? पूर्णा, बसमत, हिंगोली, वाशिम, जऊळका. बाबा ज्या रेल्वेमार्गावर रुळांच्या सैल खुंट्या ठोकणारे चाबीवाले होते त्याची स्टेशनं. अकोल्यापर्यंत जायचं, पुन्हा उलटं यायचं. पानंच्या पानं भरत, संध्याकाळी पाहुण्याचं लॉगिन बंद झालं की सगळं पुसलं जाई, आणि सकाळी पुन्हा पूर्णेपासून सुरुवात. अकराव्या महिन्यात प्रमाणपत्र मिळालं. कामगिरी : उत्कृष्ट. खाली अनिकेतची सही, वळणदार.

त्या संध्याकाळी तो मोटारसायकलनं जऊळक्याला घरी पोचला तेव्हा बाबा अंगणात जगदेवकाकांशी बोलत बसले होते. जगदेवकाका शेजारचे, त्यांचं वावर आणि आमचं वावर एका बांधाचं असं बाबा सांगत, जरी पडघानांचं वावर म्हणजे दीड एकराचा तुकडा होता. आठ दिवस पाऊस नव्हता, सोयाबीन माना टाकून होतं, पण बाबा सोयाबीनबद्दल बोलत नव्हते. ते पौर्णिमाच्या डिग्रीबद्दल बोलत होते. चार सालाची आहे, ते सांगत होते, त्यातलं एक साल कंपनीत. कॉलेजच पाठवते. याच्यासारखंच. याच्यासारखंच म्हणताना त्यांनी हनुवटीनं संघपालकडे दाखवलं, आणि जगदेवकाकांनीही मान वळवून त्याच्याकडे बघितलं, स्टेशनात येणाऱ्या गाडीकडे बघावं तसं, ओळखीनं आणि थोड्या अदबीनं. संघपाल गाडी स्टँडवर लावत होता. त्यानं ती दोनदा लावली. गळ्यात दोरी असलेलं कंपनीचं ओळखपत्र त्यानं पुण्याहून पहिल्या आठवड्यात फोटो काढून पाठवलं होतं, तो फोटो बाबांनी वाशिमला नेऊन मोठा करून घेतला होता आणि आत पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खालच्या खिळ्याला टांगला होता. पुढच्या महिन्यांत दर रविवारी फोनवर संघपाल सांगत गेला. काम चांगलं आहे. शिकायला मिळतं. आज बैठक लांबली. खोटं बोलायला सुरुवात केली तेव्हा ते पंधरा दिवसांचं होतं, लॉगिन येईपर्यंतचं. मग ते महिन्याचं झालं. आणि एकदा महिन्याचं झाल्यावर ते मोडायचं म्हणजे फोटो खिळ्यावरून उतरवणं आलं. जेवताना पौर्णिमानं अमरावतीच्या वसतिगृहाबद्दल काहीतरी विचारलं. त्याला ऐकू आलं नाही, असं त्यानं दाखवलं. आईनं ताटात आणखी एक भाकर टाकली आणि म्हणाली, बारीक होऊन राह्यला तू. पाकीट पौर्णिमाच्या पिशवीत होतं आणि पिशवी दाराच्या मागे अडकवलेली होती. ती पाकीट उघडेल का, उघडलं तर वाचेल का, वाचलं तर शेवटून तिसरी ओळ वाचेल का, हे तो मोजत राहिला. आणि मोजता मोजता त्याला जाणवलं की तिनं उघडावं असं आपल्याच आत कुणाला तरी वाटतंय.

सकाळी तो ती उठायच्या आत निघाला. वाशिमपर्यंतच्या रस्त्यावर त्यानं मनाशी तीनदा नीट मांडणी केली. तीन वर्षांची पदवी लवकर संपते. मग ती पुढं शिकेल, किंवा परीक्षा देईल. बँकेत लागेल. एक वर्ष वाचलं. ऐकायला हे बरोबर होतं, बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं मान डोलवली असती. पण त्याच्या केंद्रात असे बाप रोज यायचे जे पोरींच्या अर्जात बरोबर वाटणारं काहीतरी भरायला सांगायचे, पोरी मागं उभ्या राहून नखं कुरतडायच्या, आणि संघपाल त्या बापांना सांगायचा की अर्ज तिचा आहे, तिला बोलू द्या. पुण्याहून आल्यावर त्यानं तीन ठिकाणी मुलाखती दिल्या होत्या. तिन्ही ठिकाणी समोरच्यानं प्रमाणपत्र बघितलं, उत्कृष्ट हा शब्द वाचला, आणि विचारलं, तर मग त्या वर्षात नेमकं काय केलंत ते सांगा. तिन्ही वेळा त्याला पूर्णा आणि बसमत आठवलं. तिसऱ्या मुलाखतीतून तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि जिना उतरून रस्त्यावर आला. घरी सांगितलं की दुसऱ्याची नोकरी नको, स्वतःचा धंदा करतो. बाबांना तेही आवडलं. त्यानंतर त्यानं कोडची एकही ओळ लिहिली नव्हती. पडद्यावर ती काळी रिकामी चौकट उघडली की मानेवर झडपेचा वारा लागायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं कारण सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नव्हतं. मारलं असतं, शिवी दिली असती, तर गोष्ट झाली असती. बसून होतो, याची कसली गोष्ट? आणि समजा अनिकेतच्या मनात काही नव्हतंच. समजा तो विसराळू होता, कामात बुडालेला, बारावं नाव यादीत राहून गेलं, आणि नंतर लाजेनं त्यानं ते वर काढलं नाही. असंही असू शकतं. या शक्यतेनं संघपालला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिनंच त्याला सगळ्यात जास्त छळलं होतं. कारण मग अकरा महिने गप्प बसणारा तो स्वतः, एवढंच उरत होतं.

पौर्णिमा अकराच्या सुमारास आली. पाकीट तिनं बसमध्ये उघडलं होतं. पावती काउंटरवर ठेवली, शेवटून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि समोरचं गिऱ्हाईक जाईपर्यंत बोट तिथंच ठेवून उभी राहिली.

"दादा, हे तीन वर्षाचं काहून आलं?"

वेबसाइटचा घोटाळा असेल, तो म्हणाला. सर्व्हरवर लोड आहे दोन दिवस. हे वाक्य तो दिवसातून वीसजणांना सांगत असे आणि बहुतेक वेळा ते खरं असे, त्यामुळे ते न अडखळता आलं. ती म्हणाली, मग दुरुस्त कर, पाचपर्यंत करता येते, मी खालचं वाचलं. त्याला ओटीपी लागते, तो म्हणाला, बाबाच्या मोबाइलवर येते. मग लाव बाबाले फोन, ती म्हणाली. फोन त्याच्या हाताशी, काउंटरवरच पडलेला होता. त्यानं तो उचलला नाही. पंख्यानं पावतीचं टोक वर उचललं, तिच्या बोटाखाली ते फडफडत राहिलं. तिची नजर फोनवर होती. मग तिनं वर त्याच्याकडे बघितलं.

"तू बदललं," ती म्हणाली. तिनं ते विचारलं नव्हतं.

शटर अर्धं खाली ओढून त्यानं तिला सांगितलं. बसायला सांगितलं तर ती बसली नाही. सुरुवात कुठून करावी हे त्याला कळेना, म्हणून त्यानं झडपेपासून सुरुवात केली, स्वेटरपासून, आणि मग बाकीचं आपोआप आलं, पण उलटसुलट. प्रमाणपत्र आधी, लॉगिन नंतर, केक मध्येच. आपला आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता, अर्जातली माहिती वाचून दाखवणाऱ्याचा. 'अरे वा' पाशी येऊन तो थांबला. ते तिला कसं सांगावं? जसं म्हटलं होतं तसं म्हणून दाखवावं तर त्याला ते जमेना. दोनदा म्हणून बघितलं. दोन्ही वेळा ते नुसतं कौतुकासारखं आलं.

"अकरा महिने," पौर्णिमा म्हणाली. "अन् आमाले फोनवर सांगत होता का आज मीटिंग होती, आज पिझ्झा होता."

"पिझ्झा होता. ते खरं होतं."

ती हसली नाही. त्याला वाटलं आता ती रडेल, आणि ती रडली तर सगळं सोपं होईल, आपण तिच्या डोक्यावर हात ठेवू, तीन वर्षं राहू दे म्हणेल ती. पण तिच्या कपाळावर बारावीच्या गणिताच्या वेळी पडायची ती आठी पडली होती.

"तुले त्याइनं बसवून ठेवलं," ती म्हणाली, "अन् तू मले बसवून राह्यला. त्याइनं तुले निदान नावाचा अर्थ तरी पुसला. तू तं मले काहीच नाई पुसलं."

तो उत्तर शोधत होता हेच त्याला ओशाळवाणं वाटलं. त्याला सांगायचं होतं की मी तुला वाचवत होतो. पण ते वाक्य मनात तयार होताच ते कुणीतरी आधी त्याच्याबद्दलही मनातल्या मनात म्हटलं असेल असं त्याला वाटलं. याला जमायचं नाही, कशाला उगाच भार टाकायचा, बसू दे बिचाऱ्याला. कोण जाणे. चांगुलपणानंच केलं असेल. त्यानं फोन उचलला आणि बाबांना लावला.

बाबांनी लगेच घेतला. एक सहा आकड्यांचा नंबर येईल तो सांगा, संघपाल म्हणाला. बाबांनी विचारलं, कायचा नंबर. पौर्णिमाच्या फॉर्मचा. फॉर्म तर काल झाला ना, बाबा म्हणाले. पौर्णिमा समोर उभी होती, हात काउंटरवर टेकून, आणि ती त्याच्याऐवजी बोलणार नव्हती हे दिसत होतं.

"मी चुकीचा भरला बाबा. मुद्दाम भरला. तिचं कंपनीचं वर्ष काढून टाकलं."

"काहून?"

"मले पुण्यात काम देलंच नव्हतं. अकरा महिने मी नुस्ता बसून होतो. तुमाले खोटं सांगतलं."

पलीकडून भांडी घासल्याचा आवाज येत होता, आई असावी, मग तोही थांबला. संघपालच्या कानाला फोन घामानं चिकटला होता. तेहेतीस वर्षं बाबा रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळांवरून चालले होते; सैल झालेली प्रत्येक चाबी ठोकून बसवायची, आठ किलोमीटर जायचं, आठ यायचं. उन्हाळ्यात रूळ फुगले की दुपारी पुन्हा जायचं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं की माझ्या लांबीत एकही गाडी घसरली नाही. अशा माणसाला आपण सांगतोय की आपण बसून होतो. लिहून घे, बाबा म्हणाले. मग त्यांनी एकेक आकडा सांगितला, मध्ये अंतर ठेवून, आणि शेवटचा सांगून झाल्यावर फोन ठेवला.

अर्ज उघडला. संघपालनं खुर्ची सोडली आणि पौर्णिमाला बसायला सांगितलं. आता ती दुसऱ्या ओळीवर टिचकी मारेल आणि संपेल, असं त्याला वाटलं होतं. पण ती चौकट उघडी ठेवून तशीच बसली. दोन्ही ओळी समोर होत्या. तिनं विचारलं, बाकीच्या अकराजणांना खरंच काम होतं का. होतं. त्यात मुली किती होत्या. चार. त्यांच्यापैकी कुणाला तू सांगितलं होतंस का. नाही. कॉलेजला कळवलं होतं का. नाही. का नाही? प्रमाणपत्र अडलं असतं, तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला कळलं की हे तो आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल करतोय. त्या कागदासाठी आपण गप्प बसलो होतो, ज्याचा पुढं काही उपयोग झाला नाही. ती विचारत गेली. पहिल्या आठवड्यात कुणाकडे जायला हवं होतं? लेखी कुणाकुणाला पाठवायला हवं होतं? तुझ्या शेजारी बसायचं ते कोण होतं? संघपालला उत्तरं येत होती. इतकी वर्षं न लागलेली उत्तरं, साधी साधी, आणि हे सगळं तेव्हाही तिथंच होतं. बाहेर शटरखाली दोन जोड चपला येऊन थांबल्या आणि निघून गेल्या. तीन वाजायला आले तेव्हा पौर्णिमाचा चेहरा उतरलेला होता. तिला भीती वाटत होती. सकाळी ती आली तेव्हा वाटत नव्हती. ती भीती आपण तिला दिली, हे त्याला स्पष्ट दिसलं. तिनं दुसरी ओळ निवडली. हिरव्या बटणावर बोट काही क्षण तसंच धरून ठेवलं, मग दाबलं. पावतीची प्रत तिनं स्वतः छापली आणि वरपासून खालपर्यंत वाचली.

साडेचारला शटर कुणीतरी बाहेरून वर ढकललं. बाबा होते. जऊळक्याहून बसनं आले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा, जसे जयंतीला निघतात तसे. ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पाणी मागितलं. पौर्णिमानं दिलं. संघपाल काउंटरच्या आतच उभा राहिला, जिथं तो रोज उभा असतो, आणि बाबा बाहेर, जिथं लोक असतात. फॉर्म झाला का, त्यांनी विचारलं. झाला, पौर्णिमा म्हणाली, चार वर्षाचाच केला. त्यांनी मान हलवली. त्यांचा राग कसा असतो ते संघपालला माहीत होतं, त्याची त्यानं तयारी केली होती. पण बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सैल चाबी नेमकी कुठं आहे ते शोधताना ते जसे रुळाकडे वाकून बघायचे, तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"तुले त्यानं काम काहून नाई देलं?"

"माहीत नाई, बाबा."

"तुले माहीत आहे."

"नाई. खरंच नाई." त्याचा आवाज चढला, मग खाली आला. "माहीत असतं तं मी भांडलो असतो. नाई तं पळून आलो असतो. तो मले कधी एक शब्द वाईट नाई बोलला."

बाबांनी टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. मग ते सांगू लागले, हळूहळू, जे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या गँगचा मुकादम त्यांच्या डब्याला शिवत नसे. सगळ्यांचे डबे एका झाडाला टांगायचे, यांचा दुसऱ्या. तोंडावर सांगायचा, तुझा तिकडं. दोन महिने बाबांनी ऐकलं. मग एका दुपारी त्यांनी आपला डबा सगळ्यांच्या झाडाला, मुकादमाच्याच फांदीला टांगला आणि हातोडा घेऊन खाली बसले. त्यानंतर तो माणूस दुसरीकडं जेवायला जाऊ लागला. जन्मभर बोलला नाही. "पण कोन कुठं उभा आहे ते दोघाइलेही दिसत होतं," बाबा म्हणाले. "तुह्यावाल्यानं तं तुले झाडच दाखवलं नाई."

संघपालला वाटत होतं की सांगून टाकल्यावर माणूस हलका होतो. तो हलका झाला नव्हता. उलट इतके दिवस जे फक्त त्याच्या आत होतं ते आता या दहा बाय बाराच्या खोलीत तिघांच्या मधोमध येऊन बसलं होतं, आणि त्याला वळसा घालूनच एकमेकांकडे बघावं लागत होतं. पण बाबा बघत होते. त्यांनी नजर काढली नाही.

"मले माहीत आहे," ते म्हणाले, "काहून नाई देलं ते."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की संघपालला त्यांचा हेवा वाटला. एवढी खात्री आपल्याला असती तर आपण आज कुठं असतो, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच, खात्री करून देणारं आपल्याजवळ अजूनही काही नाही, हेही आलं.

पौर्णिमा पावती वाचतच होती. तिनं मान वर केली नाही.

"मले नाई माहीत," ती म्हणाली. "मले पाहाचं आहे."

बाबांनी पेला खाली ठेवला. बसस्थानकात कारंज्याच्या गाडीची घोषणा झाली. पाच वाजून गेले होते; पडद्यावरचं ते पान आपोआप बंद झालं होतं, आणि आता त्यात कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.